अक्कानं आवरलेलं घर

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आ.

काल सुखरूप पोचले. गाडीत शेजारच्या बाईनं सगळा वेळ संत्री सोलून सालं पायाशी टाकली. शेवटी मी माझ्याजवळची कागदी पिशवी तिच्या हातात ठेवली, तर मलाच म्हणाली, आजी, तुम्ही शाळेत बाई होतात का? मी म्हटलं, नाही, हॉटेलच्या चादरींत होते. तिला काही उमगलं नाही. तुला उमगेल. जन्मभर जिनं हॉटेलच्या चादरींच्या घड्या घातल्या आणि साहेबांच्या तोंडावर ही इस्त्री इस्त्री नाही म्हणून सांगितलं, तिला पसारा बघवायचा कसा?

आता खरं सांग, घर ओळखू येतंय का? दारातून आत पाऊल टाकलं की स्टूल, स्टुलावर तुझे किल्ल्यांचे जुडगे, कोट कपाटाच्या दारावर लोंबतोय, एक चप्पल पलंगाच्या डोक्याशी आणि दुसरी पायाशी. बेसिनच्या एका टोकाला टूथपेस्ट, दुसऱ्या टोकाला पायाला लावायचं मलम, जणू दोघांचं भांडण झालंय. लग्न केलं नाहीस, म्हणून तुला बोलणारं कोणी नाही. ते काम माझ्याकडे आलं. स्टूल मी पलंगाजवळ भिंतीला लावलंय, कोट आत टांगलाय, आणि बेसिनवरच्या सगळ्या ट्यूबा एका पेल्यात उभ्या केल्यात. मोजे सगळे एका खणात, गुंडाळून.

निघायच्या दिवशी दुपारी तू आडवा झालास, तेव्हा तुझ्या कुलपं-किल्ल्यांच्या दुकानातही हात फिरवून आले. कोऱ्या किल्ल्यांचे ते ढीग आता लांबीप्रमाणे डब्यांत आहेत. हत्यारांची कापडी गुंडाळी धुतली, इस्त्री केली आणि हत्यारं पुसून उंचीप्रमाणे लावली. शाळेच्या फोटोतली पोरं उभी असतात तशी उभी आहेत. उघडशील तेव्हा अक्काची आठवण काढ.

आता एवढंच टिकव. उठल्याबरोबर पांघरुणाची घडी. चहा प्यायलास की कप तिथल्या तिथे विसळायचा. उद्याचे कपडे आज खुर्चीवर. खिशात चौपदरी रुमाल. ह्यानं कोणी मोठा होत नाही, मला ठाऊक आहे. पण रस्त्यावरून चालताना मान आपोआप ताठ राहते. परवा तू एक काळा आणि एक तपकिरी मोजा घालून निघालास, तेव्हा मलाच कसंसं झालं. आणि बोलताना भिंतीकडे बघायची खोड कुठून लागली? समोरच्याकडे सरळ बघून बोलावं रे. पत्रातल्या ओळीही हल्ली डोंगर चढायला निघाल्यासारख्या असतात. लहानपणी किती सुबक लिहायचास!

शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंबद्दल एक सांगू? बाई वाईट नसेल, पण ऊठसूट तुझ्या दुकानात येऊन बसते, आणि अंगावरच्या दोऱ्यांचे तुकडे तुझ्या गल्ल्यावर पडतात. जरा जपून.

लोभ आहे तो नीट घडी घालून ठेव, चुरगळू देऊ नकोस.

तुझी
अक्का


११ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न.

पत्र पोचलं. घर फार छान झालंय. आल्यागेल्यांनी विचारलं, कोणी पाहुणं येणार आहे का. मी म्हटलं, येऊन गेलं.

पायाचं मलम चवीला फार वाईट असतं, हे तुला माहीत होतं का? असो. दिवसभर तोंडाला पायाचा वास येत होता. पलंगावरून उठताना स्टुलानं गुडघा जरा सोलला आहे, काळजीचं काही नाही. स्टुलाची चूक नाही, ते बिचारं नवीन जागी आहे.

शिवणकामवाल्या बाईंना दोऱ्यांचं सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं.

आज हात जरा दुखतोय, म्हणून थोडक्यात. माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझा
धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आ.

मलमानं दात घासलेस! वाचून इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून दाराशी आली. अरे, ट्यूबवर एवढं मोठं नाव असतं, ते वाचायला काय होतं? घाई, दुसरं काय. घाई आणि ढिसाळपणा ही तुझी जुनी जोडगोळी. वस्तू जागच्या जागी आली, आता लक्षही जागच्या जागी आण.

पुढच्या महिन्यात पुन्हा चार दिवस येते. तुझं कपाट राहून गेलंय, त्याच्यासाठी हात शिवशिवताहेत. आणि तुझं अक्षर! ह्या वेळचं पत्र मला खिडकीत नेऊन वाचावं लागलं. दोन ओळी एकमेकींच्या अंगावर बसल्या होत्या. रोज पानभर शुद्धलेखन काढत जा, ह्यातलं मी थट्टेनं काहीही म्हणत नाही.

गुडघ्याला जपून. रागावतेय ती मायेनंच, हे तुला सांगायला नको.

तुझी
अक्का


२४ फेब्रुवारी

आ. अक्कांना,
स. न. वि. वि.

आपली ओळख थोडी आहे. तुमच्या पत्रातली ऊठसूट येऊन बसणारी, दोरे सांडणारी बाई ती मी. ते पत्र तुमच्या भावाला मीच वाचून दाखवलं. त्यांची सगळी पत्रं गेलं वर्षभर मीच वाचून दाखवते. दोऱ्यांचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी पुरे म्हणून हात वर केला. मी म्हटलं, ऐका, अजून दोन ओळी आहेत, आणि वाचून टाकलं. राग धरला नाही, दोरे सांडतात हे खरंच आहे.

हे पत्र मी त्यांना न विचारता लिहितेय. त्यांनी मला शपथ घातली होती. पण परवा जे झालं, त्यानंतर मला गप्प बसवेना.

तुमच्या भावाला दिसत नाही, अक्का. म्हणजे कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. घरात आणि दुकानात त्यांनी प्रत्येक वस्तूला हाताची जागा ठरवून दिली होती. दारातलं स्टूल लागलं की डावीकडे वळायचं, कोटाला हात लागला की कपाट आलं. तुम्हाला तो पसारा वाटला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, म्हणून तुम्हाला एकटीला दोष देत नाही.

परवा समोरच्या इमारतीत एका म्हाताऱ्या बाईंचं दार ओढलं गेलं. बाई बाहेर, किल्ली आत, आणि गॅसवर दूध. त्या इमारतीची सगळी कुलुपं तुमचा भाऊ बघतो, निम्मं दुकान त्या कामावर चालतं. मॅनेजरांनी हाक मारली, हे गुंडाळी घेऊन धावत गेले, मी मागोमाग. असलं कुलूप ते कानानं उघडतात, मी कितीदा पाहिलंय. पण गुंडाळी उलगडली तर आत एकही हत्यार आपल्या जागी नाही. त्यांनी एक काढलं, ते नाही. दुसरं काढलं, ते नाही. मग जमिनीवर बसून चाचपायला लागले. सगळी लॉबी बघतेय. आतून धूर. कोणीतरी हसलं. शेवटी मॅनेजरांनी दोन माणसं बोलावून दार फोडलं. बाई ठीक आहेत, भांडं तेवढं जळलं. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, मिस्त्री, आता घरी बसा, आम्ही दुसरा माणूस बघतो.

तुमचा भाऊ हत्यारं गोळा करून उठला आणि चुकीच्या जिन्याकडे चालायला लागला. मी हात धरून आणला. तेव्हापासून दुकान बंद आहे. तुमचं पत्र आलंय, कपाट आवरायला येणार असल्याचं. ते मी अजून वाचून दाखवलेलं नाही. पहिल्यांदाच त्यांच्यापासून काही लपवलं.

कमीजास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनानं घ्या, आणि नाही घेतलंत तरी चालेल.

तुमच्या भावाची शेजारीण


२८ फेब्रुवारी

शेजारीणबाईंना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ खुर्चीवर बसून होते. समोर कप तसाच होता, विसळला नाही. एवढ्यावरून काय ते समजा.

तुमची क्षमा मागायला तोंड नाही. जी बाई माझ्या भावाचे डोळे झाली, तिच्या बाहीवरचे दोरे मी बघत बसले, आणि ते तुम्हाला स्वतःच्या तोंडानं वाचावं लागलं. जमीन दुभंगून आत जावं, असं वाटतं.

कपाटाचं पत्र फाडून टाका. सोबतचं पत्र मात्र त्याला वाचून दाखवा. मध्ये काही गाळू नका. माझी लाज वाटेल तिथेही थांबू नका.

यापुढे माझ्यावर राग असला तरी त्याच्यावरचा लोभ कमी करू नका.

अक्का


२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आ.

मला सगळं कळलंय. ज्यांनी कळवलं त्यांच्यावर रागावायचं नाही, ही माझी पहिली आज्ञा, आणि बहुतेक शेवटची. ह्यापुढे तुला आज्ञा करायची हिंमत माझ्यात राहिलेली नाही.

आठवडाभर तुझ्याकडे राहिले. खिडकीच्या गजावरची धूळ दिसली, कपाच्या कानाखालचा डाग दिसला, कोटाच्या अस्तराची उसवण दिसली. तुझे डोळे दिसले नाहीत. माझी ती तीक्ष्ण नजर! हॉटेलात म्हणायचे, चादरीवरचा एक केस ह्या बाईला दुसऱ्या टोकावरून दिसतो. आग लागो त्या नजरेला. तू चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचास, ते मी पाहिलं होतं, बरं का. पाहिलं आणि म्हटलं, बोट काढ आधी, घाणेरडं दिसतं. हे आठवतं तेव्हा मी एकटी असूनही हातानं तोंड झाकते.

लॉबीत तू जमिनीवर बसलास ते माझ्यामुळे. तिथे हसलेल्या माणसाला मी दोन दिवस मनातल्या मनात शिव्या देत होते. मग आठवलं, मलमाचं वाचून मीही हसलेच होते. शेजारीण दाराशी येईपर्यंत हसले होते.

काल मी एक वेडेपणा केला. डोळ्यांसमोर मूठ धरली आणि घरभर फिरले. मला सगळं सापडलं रे. साखर, कात्री, सुईदोरा, सगळं. आधी वाटलं, बघ, टापटिपीचा उपयोग. मग पलंगावर बसले आणि लक्षात आलं, सापडलं कारण ते मी ठेवलं होतं. तुझ्या घरातलंही तू ठेवलं होतंस. तुझं घर आवरलेलंच होतं. मी जाऊन त्यात पसारा केला, आणि वर पत्र लिहून शाबासकी मागितली.

एकच विचारते. मला का नाही सांगितलंस? इतकी का परकी झाले?

मी आपणहून येणार नाही. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर मला मिळायला हवं तेच मिळालं, असं समजेन.

आशीर्वाद तसेच आहेत. ते घ्यायचे की नाहीत, ते तू ठरव.

अक्का


९ मार्च

ती. अक्कास,
सा. न.

हे पत्र मी सांगतोय आणि बाई लिहिताहेत, म्हणून ओळी सरळ आहेत. सुबक अक्षराबद्दल दहापैकी दहा त्यांना दे.

तुझं पत्र त्यांनी न गाळता वाचलं. एके ठिकाणी त्याच थांबल्या. मी म्हटलं, वाचा. असो.

का नाही सांगितलं, ते सांगतो. तू मनाला लावून घेशील, पण आता लपवाछपवी पुरे. आपल्या थोरल्या दादांचा गुडघा गेला, तेव्हा तू त्यांना तुझ्याकडे नेलंस. किती केलंस त्यांचं, मी पाहिलंय. कपडे काढून ठेवायचीस, दाढीचं पाणी हातात, रुमाल खिशात. शेवटपर्यंत दादा नवऱ्या मुलासारखे स्वच्छ होते. पण मी एकदा भेटायला आलो, तेव्हा ते शर्टाचं बटण लावायला तुझी वाट बघत बसले होते. हात धड होते त्यांचे, अक्का. गुडघा गेला होता, हात नव्हे. ते बघून मी घाबरलो. म्हणून तू आलीस की मी सगळं दिसत असल्याचं नाटक करायचो. सरळ बघायला जातो तर तुझं तोंड मला दिसत नाही. कान दिसतात, केस दिसतात, मधे राखाडी डाग. दारात आलीस तेव्हा इस्त्रीच्या वासावरून ओळखलं.

लाज तुला एकटीला वाटतेय, असं समजू नकोस. रात्रंदिवस कुलुपं उघडणारा माणूस लॉबीत रांगत होता, ती लाज माझी आहे. आणि खरं सांगू? चूक तुझ्या आवरण्याची जेवढी, तेवढीच माझ्या न सांगण्याची. तू दुकानात गेल्याचं पत्रातून कळलं होतं मला. गुंडाळी कोणाचं दार अडकलं तरच लागते, पण ती त्याच दिवशी उलगडून लावायला हवी होती. पण हात लावून पाहिलं असतं, तर अक्कानं काय केलं ते कळलं असतं, आणि मग तुला लिहावं लागलं असतं. म्हणून नाही उलगडली.

घर मी पुन्हा लावलंय, माझ्या हातानं. दुकान राहिलंय. पण एका गोष्टीत तुझ्यावाचून अडलंय. मोजे. ते वेगवेगळे घालून गेलो की लोक आधी मोजे बघतात, मग डोळे बघतात, मग कुलूप दुसऱ्याला देतात. तुझ्या हॉटेलात चादरींच्या कोपऱ्याला दोऱ्याची गाठ असायची ना? तू मला एकदा खोलीतला दिवा घालवून दाखवलं होतंस, एक गाठ एकेरी पलंगाची, दोन गाठी दुहेरीची, आणि अंधारात भराभर चादरी वेगळ्या केल्या होत्यास. तशा गाठी मला घालून हव्या आहेत. मोज्यांना, शर्टांना, टॉवेलांना. बाईंना सांगू शकलो असतो, त्या इथेच आहेत आणि आत्ता हे लिहिताना नाक उडवताहेत. पण मला तुझ्या हातच्या हव्यात.

ये. एकच अट. मी सांगेन तेवढंच उचलायचं, बाकीच्या वेळी हात खिशात.

आणि हो, चौपदरी रुमाल मी ठेवतोय. तो हाताला बरा वाटतो.

रागावलो होतो तेव्हाही तुझाच होतो.

धाकटा


२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आ., आणि हे वाचणाऱ्या बाईंना स. न.

बाई, मोठ्यानं वाचा, आणि तुमच्याबद्दल काही आलं तर आवाज बारीक करू नका.

पोचले. येताना गाडीत कोणी सालं टाकली नाहीत, आणि टाकली असती तरी मी गप्प बसले असते. बहुतेक.

धाकट्या, माझा हात दोनदा खिशातून निघाला, ते तुला कळलं का? एकदा बेसिनपाशी, ट्यूबा सरळ करायला. बाईंनी मला खोकून दाखवलं. दुसऱ्यांदा तू दुकानात गुंडाळी उलगडून बसला होतास तेव्हा. एकेक हत्यार हातात घ्यायचास, अंगठा फिरवायचास, आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यात सरकवायचास. लहान, मग सगळ्यांत लांब, मग वाकडं. उंची नाही, शोभा नाही. मी बघत होते आणि काही केल्या मला तो क्रम कळेना. तुझ्या हाताला कळत होता. माझा हात मदतीला निघाला आणि मी तो स्वतःच चापट मारून आत घातला.

गाठी टिकतील. दोरा मेणावर ओढून घेतलाय. काळ्याला एक, तपकिरीला दोन, हे विसरलास तर बाईंना विचार. टॉवेलांच्या गाठी त्यांनी घातल्यात आणि माझ्यापेक्षा बारीक घातल्यात, हे लिहिताना जरा जड जातंय.

तू समोरच्या इमारतीत गेलास त्या दिवशी मी बाईंच्या दुकानात मशीनमागे बसले होते. मला यायचं होतं तुझ्याबरोबर. त्या मॅनेजरांना चार शब्द ऐकवायचे होते. बाईंनी माझ्या मांडीवर उसवायचे कपडे टाकले आणि म्हणाल्या, बसा. म्हणून बसले. तू रस्ता ओलांडून गेलास, जुळते मोजे, खिशात रुमाल. मान ताठ होती की नाही, ते काचेतून नीट दिसलं नाही, पण मी ताठ होती असंच धरून चालतेय. मॅनेजरांना तोंडावर सांगितलंस, मला मधलं दिसत नाही, पण कुलूप मी कधी डोळ्यांनी उघडलेलंच नाही. हे सांगायला किती धीर लागला असेल. मला तर माझी चूक सांगायलाही कागद लागला. त्या म्हाताऱ्या बाईंनी नव्या दाराचं कुलूप तुझ्याचकडून बसवून घेतलं, हे ऐकून बरं वाटलं. मॅनेजर नुसतंच 'बघू' म्हणाले, ते म्हणोत. बघणं हे त्यांचं काम. तुझं काम तू केलंस.

माझ्यावरचं ओझं एवढ्यानं उतरलेलं नाही, आणि ते लगेच उतरावं अशी घाईही नाही. काल चहा ओतताना मी कपाच्या काठावर बोट ठेवून पाहिलं. चटका बसतो रे. तू रोज सोसतोस आणि मी त्यावर नाक मुरडलं होतं.

एक गोष्ट तोंडानं बोलायची राहून गेली. निघताना तू दारात उभा राहिलास, स्टुलाला हात लावून. मी म्हटलं, येते, आणि तू नेहमीसारखा माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघायला लागलास. तोंडात आलेलं मी गिळलं. मग गाडीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. कडेचं दिसतं ना तुला? म्हणजे माझ्याकडे सरळ बघतोस तेव्हा मी नसतेच. भिंतीकडे बघतोस तेव्हा तुला माझं तोंड दिसतं. मागच्या खेपेला आठवडाभर तू मला बघायचा प्रयत्न करत होतास, आणि मी तुला सरळ बघ, सरळ बघ म्हणून स्वतःला पुसून टाकत होते.

आता येईन तेव्हा भिंतीकडेच बघ. मी हलणार नाही.

तुझी
अक्का